बाबाच्या नावावरची झोप

मंगळवार, २७ मे

प्रिय लिबी,

हे पत्र उभ्याउभ्या वाचू नकोस. कामावरून आलीस की बूट काढ, काहीतरी पोटात ढकल आणि मग बस. फोन केला असता, पण फोनवर तू हल्ली नुसतं "हं" म्हणतेस, आणि मग मी काहीबाही बोलत सुटते, गारा पडल्या, मका गुडघ्याला आला. व्हेर्नाकडून कळलं की तू दवाखान्यात राजीनामा दिलास आणि शुक्रवार तुझा शेवटचा दिवस. शेजारणीकडून कळावं मला! असो, माझी लायकी तेवढीच असेल. व्हेर्नाच्या सुनेला तू म्हणालीस म्हणे, की जिला स्वतःच्या बापाच्या नाकात किती हवा सोडायची ते कळलं नाही, तिने दुसऱ्यांच्या नाकाला हात लावू नये. गेले चार दिवस भांडी घासताना, कपडे वाळत घालताना मला तेवढंच ऐकू येतंय. तू समजतेस तसं ते नाही, लिबी. मला माहीत आहे आणि तुला नाही. पण मला कधी सरळ सांगता आलंय का काही? जरा वळसा घालून येते, चालवून घे.

काल कबरींवर फुलं ठेवायचा दिवस झाला. कुंपणाकडच्या पिओनी यंदा वेळेवर फुलल्या, एक बादली भरून घेऊन गेले. बाबाच्या दगडावर मृत्यूची तारीख कोरायची अजून राहिलीय. कोरणारा म्हणतो, जूनमध्ये करतो. शेजारी माझं नाव मात्र आधीच तयार आहे, जन्मसाल आणि पुढे एक आडवी रेघ. व्हेर्ना दगडाकडे बघत म्हणाली, "चला, इथे तरी तो घोरून तुला छळणार नाही." मी हसले. मग गाडीत बसले आणि चावी फिरवायच्या आधी पंधरा मिनिटं रडले. व्हेर्ना बिचारी बाहेर बादली धरून उभी.

तुझा बाबा घोरतो हे गावात कोणाला माहीत नव्हतं? आपल्या खिडक्या उघड्या असल्या की पलीकडच्या मळ्यातला ट्रॅक्टर बंद आहे की चालू ते कळायचं नाही, असं फादर एकदा जेवणाच्या टेबलावर सगळ्यांदेखत बोलले होते. मला त्या घोरण्याची कधी भीती वाटली नाही. भीती वाटायची ती घोरणं थांबलं की. चांगलं घोरता घोरता एकदम शांत व्हायचं. मग मी अंधारात मोजायची. दहा, बारा, पंधरा. एकदा एकतीस झाले होते. मग मी कोपर मारायची, सरळ बरगडीत, आणि तो पाण्याखालून वर आल्यासारखा मोठ्याने श्वास ओढायचा. "काय झालं?" म्हणायचा. मी म्हणायची, "काही नाही, झोप." अडतीस वर्षं रोज रात्री आमचं एवढंच बोलणं. तुझ्या जन्माच्या आदल्या रात्रीसुद्धा, कळा येत असताना, मी दोनदा कोपर मारलं होतं. माझी स्वतःची झोप काय, मांजराच्या झोपेइतकी. पण बायकांचं असंच असतं असं समजून मी चालवलं.

मग तू शिकून आलीस आणि ओमाहाला झोपेच्या आजारांच्या दवाखान्यात लागलीस. ख्रिसमसला एकाच रात्री तू त्याचं घोरणं भिंतीआडून ऐकलंस आणि सकाळी कॉफीच्या टेबलावर त्याचा गळा माझ्या शिवणाच्या टेपने मोजलास. साडेसतरा इंच. तो म्हणाला, "शर्ट शिवतेयस का?" तू नाही हसलीस. तपासणीत निघालं, तासाला एकेचाळीस वेळा श्वास अडकतो. लगेच जानेवारीत, ट्रक चालवायला लागतं त्या डॉक्टरी कार्डासाठी त्याची तपासणी आली. तिथल्या डॉक्टरने सांगितलं, की नाकातून हवा देणारं मशीन वापर, रोज निदान चार तास, दहातल्या सात रात्री, तरच कार्ड मिळेल. आधी तीन महिन्यांचं आणि मग दर वर्षी नवं. तूच ते मशीन घेऊन आलीस, नाकावर बसणारा तो मऊ मास्क त्याच्या तोंडाला मापून लावलास, आणि सांगितलंस की हे आपणहून माझ्या कॉम्प्युटरवर हिशेब पाठवतं, बाबा, तेव्हा लबाडी चालायची नाही. तो म्हणाला, "लबाडी करायला अक्कल लागते, ती तुझ्या आईकडे आहे." सगळे हसलो होतो ना आपण? मला ते आता सारखं आठवतं.

तुला एक गोष्ट त्याने कधी सांगितली नाही आणि मला सांगू दिली नाही. तो अकरा वर्षांचा असताना तुझ्या आजोबांच्या धान्याच्या कोठीत उतरला होता, वर जमलेला मक्याचा थर फोडायला. थर फुटला आणि तो आत गेला. आजोबांनी कोठीचा पत्रा कापून काढेपर्यंत मका त्याच्या हनुवटीच्या वर, ओठांपर्यंत आलेला. पाऊण तास तो नाक वर करून उभा होता. त्यानंतर तो कधी गळाबंद स्वेटर घालू शकला नाही, न्हाव्याकडे तोंडावर गरम टॉवेल घेऊ शकला नाही. त्याच्या नाकावर तू मास्क बसवलास तेव्हा त्याने मांडीखाली हात घट्ट दाबून धरले होते. तू पट्टे सैल-घट्ट करण्यात गुंतली होतीस. मी बघत होते. मी तेव्हाच बोलायला हवं होतं.

पहिल्या रात्री त्याने तो मास्क वीस मिनिटं सोसला. मग उठून पलंगाच्या कडेवर बसला, बनियन घामाने ओलं, आणि मला म्हणाला, "अर्ली, मी पुन्हा कोठीत आहे." मी म्हटलं, "राहू दे आजची रात्र, उद्या बघू." तो भिंतीकडे वळून झोपला. मशीन तसंच चालू, मास्क उशीवर हवा फुंकत पडलेला. मी तो उचलला. खरं सांगते, मनात काही नव्हतं. एवढं काय अवघड आहे त्यात, ते बघावं म्हणून नाकाला लावला. गार, स्वच्छ हवा, आणि कानात नुसता एक बारीक सूं असा आवाज. मग थेट सकाळ झाली. अडतीस वर्षांत मी अशी झोपले नव्हते. आणि सात वाजता तुझा फोन. तो कॉफी ओतत होता, फोन टेबलावर ठेवून तुझं बोलणं मोठ्याने लावलेलं. "बाबा, सहा तास चाळीस मिनिटं! पहिल्याच रात्री! माझ्या एकाही पेशंटला हे जमलेलं नाही. मला इतका अभिमान वाटतोय ना तुमचा." तुझा आवाज रडवेला झाला होता. तो कॉफीचं भांडं हातात धरून माझ्याकडे बघत राहिला. मी त्याच्याकडे. शेवटी तो म्हणाला, "बरं वाटलं बेटा, झोप छान लागली."

झालं, तिथेच झालं सगळं. आम्ही बसून कट केला नाही, लिबी. दुसऱ्या रात्री त्याने पुन्हा प्रयत्न केला, दहा मिनिटं. तिसऱ्या रात्री पाच. त्यानंतर तो मशीन चालू करून मास्क माझ्या हातात द्यायचा, मिठाची डबी द्यावी तसा. आठवड्यातल्या दोन रात्री तो बाहेर असायचा, ट्रकमध्येच झोपायचा, पण दहात तीन रात्रींची सूट होती, त्यामुळे तेही बसून गेलं. तीन महिन्यांनी कार्ड मिळालं. त्या दिवशी त्याने ट्रक धुतला, आरसे पुसले आणि मला शेजारी बसवून ग्रँड आयलंड शहरापर्यंत फिरवून आणलं. तो म्हणायचा, ट्रक गेला तर मी कोण? दुपारच्या जेवणाची वाट बघत बसलेला माणूस. पासष्टीला तीन वर्षं राहिली होती. मला वाटलं, तीनच तर वर्षं आहेत, निघून जातील.

तुझ्या पडद्यावर सगळं कसं छान दिसत होतं. एकेचाळीसचे दोन झाले. तू फोनवर म्हणालीस की मशीन आपोआप लागेल तेवढाच जोर लावतं आणि बाबांना अगदी कमी हवा पुरतेय, इतक्या जाड गळ्याच्या माणसाला इतकी कमी पुरलेली मी पाहिलेली नाही. तू त्याचा आलेख नाव झाकून तुझ्या दवाखान्यातल्या नव्या मुलींना शिकवायला वापरलास. आणि आता तू स्वतःला म्हणतेस, "मी तेव्हाच तो जोर वाढवायला हवा होता, मशीनच्या भरवशावर राहिले, आकड्यांवर भाळले." अगं, ती कमी हवा माझ्या नाकाला पुरत होती. माझा गळा साडेतेरा इंच आहे. तू आकडे नीट वाचलेस, त्यात तुझी काही चूक नाही. फक्त ते आकडे तुझ्या बापाचे नव्हते.

हे एवढंच असतं तर मी देवासमोर काहीतरी सबब सांगितली असती. पण तू मला विचारलं होतंस. मागच्या ऑक्टोबरमध्ये, फोनवर, अगदी सरळ. "आई, बाबा दिवसा पेंगतात का गं? चर्चमध्ये वगैरे?" आणि मी म्हणाले, "छे, अजिबात नाही." त्याच्या आदल्याच रविवारी तो प्रवचनात झोपला होता, आणि नंतर खाली हॉलमध्ये कोलाच, तो खसखशीच्या सारणाचा गोड पाव, हातात धरून, खुर्चीत बसल्या बसल्या, घास तोंडात असताना झोपला होता. व्हेर्नाने हळूच त्याच्या हातातून तो काढून घेतला. तू विचारलंस तेव्हा मला ते डोळ्यासमोर दिसत होतं आणि मी छे म्हणाले. मशीनला फसवणं वेगळं गं, ते बिचारं काही विचारत नाही. तुला मी तोंडावर फसवलं.

आणि अजून एक सांगायचं राहिलंय. त्यासाठी मी मध्ये उठून कुंडीतल्या झाडांना पाणी घालून आले. मी झोपत होते, लिबी. नाकावर ती हवा, कानात तो सूं आवाज, मला बाजूचं काही ऐकूच यायचं नाही. मी मोजायची थांबले. कोपर मारायची थांबले. आधी त्याला मशीन नव्हतं, पण मी तरी होते. मग मशीन आलं, ते मी घेतलं, आणि त्याला काहीच उरलं नाही. एकदा पहाटे मास्क सरकला म्हणून जाग आली, तर तो पलंगाच्या कडेवर दोन्ही हातांनी डोकं धरून बसलेला. म्हणाला, "डोकं दुखतंय जरा. तू झोप, तुझी झोप का मोडायची." आणि मी झोपले. मला ती झोप आवडायला लागली होती. सगळ्यात जास्त लाज मला त्याची वाटते.

जानेवारीत बर्फामुळे तो तीन दिवस घरी अडकला होता. बटाटे सोलत बसलो होतो दोघं. तो एकदम म्हणाला, "अर्ली, लिबीला सांगून टाकू का? ती काहीतरी दुसरं शोधेल. नाकात नुसत्या दोन नळ्या असतात तसलं असतं म्हणे काहीतरी, तोंडावर न येणारं." त्याने स्वतः कुठेतरी वाचलं होतं. त्याला मदत हवी होती, आणि मी काय म्हणाले माहीत आहे? मी म्हणाले, "एप्रिलमध्ये कार्ड नवं होऊ दे, मग सांगू. आत्ता सांगितलंस तर तिला कार्ड देणाऱ्यांना कळवावं लागेल, तिची नोकरी अडचणीत येईल." तुझ्या नोकरीचं नाव पुढे केलं मी. तो म्हणाला, "तू म्हणतेस तर एप्रिल." आणि पुढचा बटाटा घेतला.

अकरा मार्चला तो सकाळी सहाला निघाला, वायोमिंगला जनावरांचं खाद्य घेऊन. पुढचं सगळं तुला माझ्याइतकंच माहीत आहे. दुपारचे दोन, लख्ख ऊन, सरळ रस्ता, वारासुद्धा नाही. ब्रेक दाबल्याची खूण रस्त्यावर कुठेही नाही. ट्रक कुंपण मोडून शेतात गेला आणि पालथा झाला. दुसऱ्या कोणाला इजा झाली नाही, त्याबद्दल मी रोज गुडघे टेकते. पोलीस म्हणाले झोप लागली असावी, आणि तू दारात उभी राहून म्हणालीस, शक्यच नाही, त्यांचे आकडे माझ्याकडे आहेत. ट्रक कंपनीच्या माणसाने ते आकडे मागितले, तू अकरा मार्चपर्यंतचे छापून दिलेस. तो म्हणाला, उत्तम आहेत. तू त्या कागदांकडे बघत बसलीस आणि त्या दिवसापासून स्वतःला खायला लागलीस. मी तुझ्यासमोर होते, हातात कुणीतरी आणून दिलेलं नूडल्सचं भांडं. मी तेव्हा बोलले असते तर तुझे अकरा आठवडे वाचले असते. त्याला तर पुरलं होतं आपण, तुला तरी वाचवायचं. पण मला वाटलं, ही मुलगी पुन्हा माझ्या दारात येणार नाही. आता राजीनाम्याचं ऐकल्यावर वाटतं, नाही आलीस तरी चालेल. नाही, चालणार नाही, पण मी सोसेन. कंपनीच्या माणसालाही मी हेच लिहून पाठवते आहे, सोमवारी टपालात टाकेन. तुला आधी कळावं म्हणून थांबलेय.

आता तू म्हणशील, आई मला बरं वाटावं म्हणून गोष्ट रचतेय. माझ्यासारख्या खोटारड्या बाईचं खरं तरी का मानावं? म्हणून शुक्रवारी खुर्ची सोडायच्या आधी एक कर. कॉम्प्युटरवर बाबाचं पान उघड. ते कागद छापल्यापासून तू ते पुन्हा उघडलेलं नाहीस, उघडलं असतंस तर त्याच दिवशी तुझा फोन आला असता. अकरा मार्चनंतरच्या तारखा बघ. बारा मार्च, साडेपाच तास. अंत्यविधीच्या रात्री सात. तासाला दोनदा श्वास अडकलेला, हवा तेवढीच कमी. कालपर्यंत रोज. मला त्या आवाजाशिवाय आता झोप येत नाही. त्यात फक्त एक रात्र कोरी दिसेल, वीस एप्रिल, ईस्टरची. त्या रात्री तू आपल्या खोलीत न जाता बाबाच्या जागेवर येऊन झोपलीस, आणि मशीन मी गोधड्यांमागे कपाटात लपवलं होतं. मी जागी होते. तू दमून घोरत होतीस, अगदी त्याच्यासारखी, आणि मग एकदम थांबलीस. मी मोजत गेले. एकोणीसला मी कोपर मारलं. तू झोपेतच म्हणालीस, "काय झालं?" आणि मी सवयीने म्हटलं, "काही नाही, झोप." सकाळपर्यंत अकरा वेळा मारलं. तुझा गळा त्याचा आहे, लिबी, आणि तू तीन तास गाडी चालवत मला भेटायला येतेस. ज्या मशीनने बाप मारला असं तुला वाटतं ते तू जन्मात नाकाला लावणार नाहीस, म्हणून हे सगळं लिहिलं. मशीनने काही बिघडवलेलं नाही, ते बाबापर्यंत कधी पोचलंच नाही. तपासून घे. मशीन आण. मास्क सोसला नाही तर सांग, मोठ्याने सांग, दुसरं काही शोध. आणि ते स्वतःच्याच नाकाला लाव.

तुझीच,
आई